सरकारी पैसा आणि धनंजयराव गाडगीळ

ग्रामीण भागातील उद्योगासाठी, सिंचनासाठी किंवा विजेसाठी सरकारने पैसा द्यावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे आता कोणी विचारीत नाही. सरकारने तो द्यावयाचाच आहे, हे सर्वांनीच गृहीत धरले आहे. वाद होतो तो अनुदानाचा हिस्सा किती असावा, कर्जावरील व्याज किती असावे आणि थकबाकी माफ केव्हा व्हावी, एवढ्यापुरताच. त्याहून मूलभूत असा प्रश्न मात्र मागे पडला आहे. सरकारी पैसा घेणारी व्यक्ती अथवा संस्था त्या पैशामुळे अधिक समर्थ होते की अधिक परावलंबी, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचा केवळ ग्रंथांतून नव्हे, तर कारखान्याच्या हिशेबातून आणि शासनाच्या अर्थसंकल्पातून ज्यांनी विचार केला, अशा मोजक्या भारतीय अर्थशास्त्रज्ञांत धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे नाव आज विद्यार्थ्यांच्या तोंडी एका सूत्रापुरते उरले आहे. त्या सूत्रामागे जे आयुष्य होते, ते मात्र विस्मृतीत जाऊ पाहत आहे.

पाहणीचा पाया

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात झाल्यावर ते उच्च शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. भारताच्या औद्योगिक विकासक्रमावरील त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे कित्येक दशके हा ग्रंथ आपल्या महाविद्यालयांतून अभ्यासला जात होता. कारखानदारीचा इतिहास लिहिताना खेड्यातील कारागीर, शेतकरी आणि त्यांचे कर्ज यांचा विचार वेगळा काढता येत नाही, ही दृष्टी त्या ग्रंथातच दिसते.

सुरतेच्या महाविद्यालयात १९२५ ते १९३० अशी पाच वर्षे प्राचार्यपद सांभाळल्यावर ते पुण्यास आले. रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आश्रयाने १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक म्हणून गाडगीळांनी सूत्रे हाती घेतली. १९६६ पर्यंत, म्हणजे सलग छत्तीस वर्षे, ते त्या पदावर होते. या संस्थेचे वैशिष्ट्य असे की, तिने ग्रंथालयाइतकेच महत्त्व शिवाराला दिले. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी, पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी, अशा कामांतून गाडगीळांनी एक शिस्त रुजविली. आधी मोजावे आणि मग बोलावे, ही ती शिस्त.

या पाहण्यांपैकी एकीचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे झालेल्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची मोजणी संस्थेने केली आणि तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाणीपट्टीच्या हिशेबात एखादा कालवा तोट्यात दिसला, तरी समाजाच्या हिशेबात तो तोट्यात असतोच असे नाही. कालव्यामुळे पीक बदलते, रोजगार वाढतो, बाजारपेठ उभी राहते आणि त्यातून सरकारचे उत्पन्नही अन्य मार्गांनी वाढते. हे सारे मोजल्याशिवाय सरकारी खर्च सार्थकी लागला की वाया गेला, हे ठरविता येत नाही. सरकारी पैशाकडे पाहण्याची गाडगीळांची ही पहिली कसोटी होती. खर्च झाला एवढ्यावर ते समाधान मानीत नसत, आणि वसुली झाली नाही एवढ्यावरून खर्चाला निरर्थकही ठरवीत नसत.

प्रवरेचा प्रयोग

दख्खनच्या कालव्यांखालील बागायतदारांची स्थिती त्या काळी मोठी विचित्र होती. भंडारदरा धरणाचे पाणी शेतात आले होते, उसाचे मळे फुलले होते. परंतु गुळाचा भाव कोसळला की बागायतदार कर्जात बुडत असे. साखर कारखाने खाजगी होते. कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी त्यांना खंडाने देऊन टाकल्या होत्या. पाणी सरकारचे, जमीन शेतकऱ्याची आणि नफा तिसऱ्याचाच, असा तो व्यवहार होता. या बागायतदारांच्या १९४५ मधील परिषदेत गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या मालकीच्या सहकारी कारखान्याचा विचार पुढे मांडला. तो उचलून धरला लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी.

विखे पाटलांचे औपचारिक शिक्षण बेताचे होते. गाडगीळ केंब्रिजचे पदवीधर. या दोघांनी मिळून जे घडविले, त्याला महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात तोड नाही. विखे पाटील गावोगाव हिंडून भाग गोळा करीत होते. गाडगीळ शासन, बँका आणि वित्तसंस्था यांच्यापुढे योजनेचे गणित मांडीत होते. मुंबई राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा लाभला, सरकारने कारखान्याचे भाग घेतले आणि केंद्राच्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज मंजूर केले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याचे चाक फिरले. पहिली सुमारे दहा वर्षे गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते.

येथे सरकारी पैसा होता, हे उघड आहे. तो नसता, तर कारखाना उभा राहिलाच नसता. परंतु तो ज्या रीतीने बांधला गेला होता, ती रीत लक्षात घेण्याजोगी आहे. प्रथम शेतकऱ्याने आपल्या खिशातून भाग घ्यावयाचा, ऊस त्याच कारखान्याला घालण्याचे बंधन पत्करावयाचे आणि मगच सरकारकडे जावयाचे. उसाच्या किमतीतून कपात करून ठेवी उभारावयाच्या, त्यातून कर्ज फेडावयाचे आणि कालांतराने सरकारचे भागही परत करावयाचे. सरकार भागीदार खरे, पण निघून जाणारे भागीदार, अशी ती कल्पना होती. कर्जाची फेड सभासदाच्या सद्भावनेवर नव्हे, तर उसाच्या प्रत्येक गाडीवर बांधलेली होती. परतफेडीची वाट उत्पादनातूनच जावी, ही गाडगीळांची दुसरी कसोटी येथे प्रत्यक्षात उतरली.

सावकार आणि सहकार

प्रवरा हे एक बेट होते. सभोवार पसरलेल्या ग्रामीण भारताचे चित्र काय होते, ते रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये हाती घेतलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीतून उघड झाले. ए. डी. गोरवाला हे या पाहणीच्या संचालन समितीचे अध्यक्ष होते, तर गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या आणि एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य. पंच्याहत्तर जिल्ह्यांतील सहाशे खेडी पाहून झाल्यावर समितीसमोर आलेले आकडे धक्कादायक होते. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला होता. अर्धशतकानंतर शेतकऱ्यांच्या एकूण उसनवारीत सहकारी संस्थांचा वाटा होता ३.१ टक्के. सरकारी तगाईचा वाटा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा तर एक टक्क्याहूनही कमी. व्यावसायिक सावकारांकडून ४४.८ टक्के आणि शेतकरी-सावकारांकडून २४.९ टक्के रक्कम घेतली जात होती. म्हणजे दर शंभर रुपयांतील जवळजवळ सत्तर रुपये सावकाराचे होते.

तगाईचा इतिहास तर त्याहून जुना. दख्खनमध्ये १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, त्यानंतर १८८३ व १८८४ मध्ये ब्रिटिश सरकारने तगाईचे कायदे केले. सत्तर वर्षांनंतरही तगाई शेतकऱ्याच्या गरजेच्या जवळपास पोहोचली नव्हती. कचेरीत हेलपाटे घालणे, तारणाचे कागद जमविणे आणि हंगाम उलटून गेल्यावर रक्कम हाती पडणे, हे तिचे ठरलेले स्वरूप होते.

गोरवाला समितीचा १९५४ चा अहवाल येथून पुढे जो विचार मांडतो, त्यात गाडगीळांचा ठसा स्पष्ट दिसतो. सहकार अपयशी ठरला आहे, हे त्याने निःसंकोचपणे मान्य केले. तथापि त्याचे कारण शेतकऱ्याच्या अंगी सहकाराची वृत्ती नाही, हे नव्हे. गावचा दुबळा मनुष्य एकटाच संस्था काढतो, तेव्हा सावकार, व्यापारी आणि जमीनदार यांच्या एकवटलेल्या बळापुढे ती संस्था टिकत नाही. म्हणून राज्याने त्याच्या बाजूने तराजूत वजन टाकले पाहिजे. संस्थांचे भाग घ्यावेत, कर्जाला मालविक्रीची जोड द्यावी, गुदामे बांधावीत आणि माणसे प्रशिक्षित करावीत. या शिफारशींतूनच पुढे १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले, रिझर्व्ह बँकेत ग्रामीण पतपुरवठ्यासाठी दीर्घ मुदतीचा निधी निर्माण झाला आणि सहकार विकास व वखार मंडळ अस्तित्वात आले.

या भूमिकेवर तेव्हाच आक्षेप आले. ज्यांनी प्रवरेला साहाय्य केले, ते वैकुंठभाई मेहताच मोठ्या संस्था आणि सरकारी भागीदारी यांविषयी साशंक होते. सहकाराचे बळ गावातील परस्परविश्वासात असते, सरकार आत आले की तो विश्वास ओसरतो, अशी त्यांची धारणा होती. डॅनियल थॉर्नर या अमेरिकन अभ्यासकाने देशभरातील संस्था पाहून वेगळाच मुद्दा मांडला. सावकार आणि धनिक संस्थेच्या बाहेर नाहीत, तेच संस्थेचे पदाधिकारी होऊन बसले आहेत, असे त्याचे निरीक्षण होते. पुढील इतिहास पाहता या दोन्ही आक्षेपांत तथ्य होते, हे नाकारता येणार नाही. गाडगीळांनी राज्यसंस्थेला दुबळ्यांची मित्र मानले. राज्यसंस्थेवर ज्यांचे वर्चस्व असते, तेच सहकारी संस्थेवरही वर्चस्व मिळवतील आणि दोन्हींचा पैसा एकाच हातात खेळेल, या संभवाचे मोल त्यांनी कमी लेखले. त्यांच्या विचारातील ही उणीव झाकण्याचे कारण नाही.

सूत्राचा अर्थ

पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद अल्पकाळ भूषविल्यावर १९६७ मध्ये गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. तो काळ कठीण होता. लागोपाठ दोन अवर्षणे, रुपयाचे अवमूल्यन, पंचवार्षिक योजनेला पडलेला खंड आणि अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे, अशी ती परिस्थिती होती. केंद्राकडून राज्यांना योजनांसाठी मिळणारे साहाय्य तोपर्यंत योजनावार ठरत असे. कोणत्या योजनेला किती अनुदान आणि किती कर्ज, याचे प्रमाण निरनिराळे. साहजिकच ज्या योजनेत अनुदान अधिक, तिच्याकडे राज्यांचा ओढा असे. मग ती त्या राज्याच्या गरजेची असो वा नसो. शिवाय दिल्लीत ज्याचे वजन अधिक, त्याच्या पदरात अधिक, ही तक्रार होतीच.

गाडगीळांनी यावर जो उपाय काढला, तो दिसावयास साधा होता. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या राज्यांची गरज आधी भागवावी. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार, १० टक्के दरडोई उत्पन्न सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नांनुसार, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के विशेष अडचणींसाठी वाटावी. या साहाय्याचे स्वरूप ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज असे एकाच प्रमाणात राहील. चौथ्या योजनेपासून हे सूत्र अमलात आले.

या आकड्यांपेक्षा त्यांमागील तत्त्व महत्त्वाचे. सरकारी साहाय्य ही मेहरबानी राहू नये; ते आधी जाहीर झालेल्या नियमाने मिळावे, म्हणजे घेणाऱ्याला मिंधेपण येत नाही आणि देणाऱ्याला मालकी गाजविता येत नाही. ही गाडगीळांची तिसरी कसोटी होय. करवसुलीचा प्रयत्न हा निकष ठेवून त्यांनी स्वतः झटणाऱ्याला थोडे झुकते माप दिले. जो आपल्या बळावर काही उभे करतो, त्याच्या मदतीला सरकारने यावे, हा प्रवरेचाच न्याय येथे राज्यांना लावलेला दिसतो.

सूत्रावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. लोकसंख्येला मोठे वजन दिल्याने गरीब राज्यांना पुरेसा लाभ झाला नाही. कर्जाचा हिस्सा सत्तर टक्के असल्याने राज्यांच्या डोक्यावर व्याजाचा बोजा वाढत गेला. १९८० मध्ये पाटबंधारे व वीज प्रकल्पांचा निकष वगळून दरडोई उत्पन्नाचा वाटा वाढविण्यात आला, १९९१ मध्ये पुन्हा बदल झाले. नियोजन मंडळ मोडीत निघून १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोग आला आणि हे सूत्रही इतिहासजमा झाले. त्यानंतर केंद्रपुरस्कृत योजनांचे महत्त्व अधिकच वाढले. योजनेनुसार अनुदानाचे प्रमाण बदलावे आणि राज्यांनी त्यामागे धावावे, हेच चित्र पुन्हा दिसू लागले आहे.

विजेचा धडा

गाडगीळ उपाध्यक्ष असतानाच ग्रामीण अर्थव्यवस्थेला वळण देणाऱ्या आणखी दोन घटना घडल्या. जिल्हा हा घटक धरून बँकांनी पतपुरवठ्याची आखणी करावी, अशी शिफारस त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये केली. त्यातून अग्रणी बँक योजना जन्मास आली आणि ती आजही चालू आहे. त्याच वर्षी वेंकटप्पय्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. खेड्यांत वीज नेण्यासाठी आणि विहिरींवर पंप बसविण्यासाठी वीजमंडळांना कर्ज देणे हे त्याचे काम. अमेरिकेत ग्रामीण वीज सहकारी संस्थांना सरकारी कर्ज देण्याचा प्रयोग १९३० च्या दशकात यशस्वी झाला होता. त्या धर्तीवर आपल्याकडे पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था काढण्याचे ठरले. त्यांपैकी महाराष्ट्रातील संस्था होती मुळा-प्रवरा. विखे पाटील आणि गाडगीळ यांनी जेथे कारखाना उभा केला, त्याच परिसरात ती निघाली.

कारखान्याची आणि वीज संस्थेची तुलना फार उद्बोधक आहे. भूमी तीच, माणसेही पुष्कळशी तीच, सहकाराचे तत्त्वही तेच. परंतु कारखान्यात कर्जाची फेड उसातून आपोआप होत असे. वीज संस्थेत ती पंपधारकाच्या बिलावर अवलंबून होती. दर राजकीय सोयीने ठरू लागले, पंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी होऊ लागली आणि वसुली ढिली पडली. संस्थेला ठोक वीज पुरविणाऱ्याची थकबाकी वाढत गेली. अखेर २०११ मध्ये मुळा-प्रवरेचा परवाना संपुष्टात आला आणि वितरण महावितरणकडे गेले. परतफेडीची वाट उत्पादनातून गेली नाही की संस्था कशी खचते, हे यावरून दिसते. गाडगीळांना हे पाहावे लागले नाही. नियोजन मंडळातील जबाबदारी सोडून पुण्याकडे परतत असता, रेल्वेच्या प्रवासातच, ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा कोणता?

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीने प्रवरेचा ढाचा उचलला, परंतु त्याचा आत्मा मात्र वाटेतच गळाला. सभासदांच्या भागभांडवलापेक्षा सरकारचे भागभांडवल अधिक, आणि त्यावर कर्जाला सरकारची हमी, असा आकृतिबंध रूढ झाला. निघून जाणारा भागीदार कायमचा पोशिंदा बनला. कित्येक कारखाने आजारी पडले, काही विकले गेले. अलीकडील वर्षांतही राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे कर्ज राज्य शासनाच्या हमीवर कारखान्यांना मिळत आहे. शेतकऱ्यांची कर्जमाफी २००८, २०१७ आणि २०१९ अशी तीनदा झाली. अडचणीतल्या शेतकऱ्याला दिलासा देणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. परंतु माफीनंतर पतसंस्था सबळ झाली की दुबळी, याची गोखले संस्थेच्या पद्धतीने शिवारात जाऊन मोजणी किती झाली?

ऊर्जेच्या क्षेत्रात तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. पंतप्रधान कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात सौर कृषिपंपासाठी सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के वाटा द्यावयाचा, बाकी भार शासनाने उचलावयाचा. दुसरीकडे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. सूर्याची ऊर्जा गावागावांत पोहोचावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु गाडगीळांच्या तीन कसोट्या येथे लावून पाहाव्यात. अनुदानाचा लाभ किती विहिरींच्या पाण्यात आणि किती एकर पिकात उतरला, हे कोणी मोजते काय? परतफेडीची किंवा देखभालीची तरतूद त्या वाढीव उत्पन्नातून होते काय? आणि पंप कोणाला आधी मिळावा, हे नियमाने ठरते की ओळखीने? खेड्यातील लघुउद्योगांसाठी असलेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत अडकवून ठेवतात आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावरच ती कर्जखात्यात वळती होते. एवढीशी अट, पण ती गाडगीळांच्या विचाराशी जुळणारी आहे. मोठ्या योजनांना असे काही सुचू नये, हे आश्चर्यच.

सरकारने हात आखडता घ्यावा, असे गाडगीळ कधीही म्हणाले नसते. खेड्यातील माणूस एकटा पडला तर सावकाराच्याच दारी जातो, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केले होते. त्यांचा आग्रह एवढाच होता की, सरकारने टेकू द्यावा, तो इमारत बांधण्यासाठी. टेकूवरच इमारत उभी राहणार असेल, तर टेकू देणारा आणि घेणारा दोघेही फसले, असे समजावे. राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो, तेव्हा तरतुदींचे आकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. मागील वर्षी ज्यांना पैसा दिला, त्यांच्यापैकी किती जण यंदा त्यावाचून उभे राहिले, हा आकडाही त्यात असावयास हवा. तो ज्या दिवशी छापला जाईल, त्या दिवशी महाराष्ट्राने धनंजयरावांचे ऋण काही अंशी फेडले, असे म्हणता येईल.